नाथांचा तुर्क काय बोलतो?

शांतिब्रह्म एकनाथमहाराजांची ती गोष्ट आपण कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. नाथ गोदास्नान करून येतात, एक यवन अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा गंगेवर जातात. असे १०८ वेळा होते आणि शेवटी तो पायांवर लोटांगण घालतो. मीही चाळीसएक वर्षे सांगितली. श्रोते डोळे पुसत. आता नारदांच्या गादीवरून उतरून घरी बसल्यावर मात्र एक गोष्ट टोचते. त्या कथेत यवनाला तोंड आहे ते थुंकण्यापुरतेच. तो का चिडला, त्याचे म्हणणे काय होते, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही.

नाथांनी विचारले आहे. त्यांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ पुष्कळांना नावाने ठाऊक असतो, आणि शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात एवढेच लक्षात असते. माझी विनंती, तो एकदा पहिल्यापासून वाचावा. तुर्काला नाथांनी त्याची दखनी बोली दिली आहे, हिंदूला मराठी. दोघे कडाडून भांडतात. तुर्क आमच्या पुराणांवर बोट ठेवतो, ब्रह्मदेवाची कथा काढतो, दगडाला देव म्हणता म्हणून हसतो. एका पंक्तीला बसायला विटाळ मानणाऱ्या सोवळ्याची तर तो सालटीच काढतो. हिंदूही कमी नाही. देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का? मुक्या जिवाच्या मानेवर सुरी का? आणि सर्वांत जड प्रश्न हा, की हिंदूला धरून मुसलमान करता, तर देवाने त्याला हिंदू घडवले ते चुकून काय?

नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे निजामशाहीचे चाकर. अशी बोलणी नाथांच्या कानांवर नित्य पडत असणार. घरात बसून रचलेला हा तुर्क नव्हे. मला तर वाटते, सोवळ्याच्या अहंतेबद्दल नाथांना स्वतःला जे बोलायचे होते, त्यातले बरेचसे त्यांनी त्याच्याच तोंडी घातले. आपल्या घरातली धूळ दाखवायला शेजाऱ्याला आत बोलवायचे, याला छाती लागते.

एक उणेही सांगतो, नाथांची क्षमा मागून. समेट होतो तो अद्वैताच्या अंगणात. भांडताना तुर्क आपल्या पायांवर उभा असतो, पटताना मात्र तो आमच्या वेदान्ताकडे झुकतो. त्याच्या वाटेने तो तिथे कसा पोचला असता, हे त्या भारुडात पुरते येत नाही. ती बाजू पाहायची तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांचा ‘योगसंग्राम’ हाती घ्यावा. जन्म मुसलमानाचा, ओवी मराठी.

हे सारे मला फार उशिरा कळले, आणि कळले तेही माझ्या चुकीने. एका गावच्या सप्ताहात मी हा संवाद घेतला होता. तुर्काची दोन वाक्ये हेल काढून म्हटली, मंडप हसून लोळला, मग थेट आलिंगनावर आलो आणि गजर केला. गॅसबत्त्या सांभाळायला गावातले एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. सारे त्यांना चाचा म्हणत. सकाळी चहाला बसलो तेव्हा म्हणाले, “महाराज, तुमचा तुर्क लई बावळट निघाला. नाथांचाबी असाच हाय का?” मला उत्तर देता येईना, कारण सबंध भारूड मी वाचलेलेच नव्हते. गुरुजींकडून जेवढे कानी आले तेवढ्यावर चालले होते.

घरी येऊन गाथा उघडला. पुढल्या वर्षी त्याच गावी सगळे सांगितले, काही न गाळता. मंडपात हशा नव्हता. तुर्क सोवळ्यावर बोलला तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले. धर्मांतराचा प्रश्न आला तेव्हा मी मुद्दाम चाचांकडे पाहिले नाही. आलिंगनाला गजर झाला, पण आदल्या वर्षीसारखा उसळता नव्हता, जरा दबकत झाला.

हल्ली पाहतो, कोणी नुसते हिंदूचे प्रश्न घेतो आणि टाळ्या मिळवतो. कोणी नुसते आलिंगन घेतो, त्यालाही टाळ्या मिळतात. दोघांनीही नाथ अर्धेच घेतले. भांडण ऐकून न घेता मारलेली मिठी नाथांनी लिहिलेलीच नाही.

त्या रात्री काल्याच्या तयारीला माणसे पांगल्यावर चाचा जवळ आले. “तो जबरदस्तीचा सवाल खरा हाय,” म्हणाले, “त्याला माझ्यापाशी जवाब न्हाई. पर अवंदा तुम्ही आमचा सवालबी गाळला न्हाई.” मग विझत आलेल्या बत्तीला हवा मारायला ते खाली बसले, आणि मी ती धरून उभा राहिलो.