वजनावर विकलेले घोडे

‘द मिसफिट्स’ (१९६१) हा चित्रपट वेस्टर्न म्हणून पाहायला बसणाऱ्याची पंचाईत होते. रानघोड्यावरच्या वेस्टर्नपटाची कथा ठरलेली असते. एक देखणा, बहुधा काळा घोडा, कोणाच्याही हाती न लागणारा. त्याच्या मागावर दोन तट, एक भला आणि एक लबाड. १९५४ चा ‘ब्लॅक हॉर्स कॅन्यन’ हा याच साच्यातला. ‘मिसफिट्स’मध्येही घोड्यांचा पाठलाग आहे, पुरुषांची आपसांतली चढाओढही आहे. मिरवावे असे बक्षीस मात्र नाही. नेवाडाच्या कोरड्या तळ्यात पकडलेले घोडे कुत्र्यांच्या खाद्यासाठी वजनावर विकायचे आहेत.

दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, पटकथा नाटककार आर्थर मिलर यांची. त्यांनी ती आपली तेव्हाची पत्नी मेरिलिन मन्रो हिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. गिडो विमानाने घोड्यांना डोंगरातून खाली हुसकावतो, गे आणि पर्स मालमोटारीतून फास टाकतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला जड टायर. ते ओढता ओढता जनावर दमून उभे राहते. इतका खटाटोप कशासाठी, तर एक नर, काही माद्या आणि एका शिंगरासाठी. हिशोब करतात तेव्हा त्यांनाच शरम वाटावी अशी रक्कम निघते. तरी गेला अभिमान आहे की आपण कोणाची चाकरी करत नाही. अमेरिकेत १९५९ मध्येच सरकारी जमिनीवर मोटार किंवा विमान वापरून रानघोडे पकडायला बंदी आली होती. पडद्यावरची ही मर्दानगी त्या वेळी कायद्याच्या नजरेत गुन्हा ठरलेली होती, हे लक्षात ठेवून पाहिले की गेचा अभिमान आणखीच पोकळ वाटतो.

रोझलिन (मन्रो) वाळवंटात उभी राहून या तिघांना खुनी म्हणते, तो प्रसंग चित्रपटाचा प्राण आहे. ह्यूस्टन कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ नेत नाहीत. त्या अफाट मैदानात ती एक ठिपका दिसते आणि आवाज मात्र सगळीकडे भरतो. मेलोड्रामाची इतकी सोपी संधी हातची सोडणारा दिग्दर्शक दाद घेऊन जातो. पुढे पर्स दोर कापून घोडे सोडतो. गे चिडून त्या नराला एकटाच पुन्हा पकडतो, फरफटला जातो, त्याला बांधतो आणि मग स्वतःच्या हाताने सोडून देतो. अनेकांना यात त्याचे हृदयपरिवर्तन दिसते. मला तसे वाटत नाही. निर्णय आपलाच असला पाहिजे, हा त्याचा हट्ट आहे. घोडा सुटला तो करुणेने कमी, गेच्या अहंकाराने जास्त. क्लार्क गेबलने हे फार समजून केले आहे. चित्रीकरण संपल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला.

माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रपटात घोड्याला दोनच जागा आहेत: मोकळे रान किंवा खाटकाचा काटा. रोझलिनला घोड्यांची हमदर्दी आहे, ओळख नाही. त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही. सुदर्शन यांच्या ‘हार की जीत’ या कथेत डाकू खडगसिंगाला हवा असलेला घोडा ‘सुलतान’ आहे आणि बाबा भारती त्याला स्वतः खरारा करतात, स्वतः दाणा घालतात. म्हणून तो हिरावला जातो तेव्हा वाचकाच्या काळजाला चटका बसतो. पकडणारा आणि सोडणारा यांच्यामध्ये घोडा सांभाळणारा असतो. मिलर यांना तो दिसलाच नाही.

मी शिकवतो त्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हा सांभाळणारा आजही पायी चालतो. ‘मस्टँग’ हा शब्द स्पॅनिशमधून आला, अर्थ बेवारस. ते घोडे स्पॅनिशांनी समुद्रापलीकडून नेलेल्यांचे वंशज. आमच्या भीमथडी तट्टांतही चौल-दाभोळला उतरलेल्या अरबी घोड्यांचे रक्त आहे असे मानले जाते. पण ही तट्टे बेवारस कधी झाली नाहीत. मराठ्यांच्या फौजा गेल्या, नीरेच्या कालव्याने माळांवर ऊस आणला, आणि स्वाराचा घोडा धनगराच्या बिऱ्हाडाखाली आला. भांडी, धान्य, वाघर, वर कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे, एवढे सगळे पाठीवर घेऊन तो दिवाळीनंतर मेंढरांबरोबर कोकणची वाट धरतो. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ने भीमथडीची तट्टे घरोघरी पोचवली, २०२३ मध्ये ते राज्यगीतही झाले. गाणाऱ्यांपैकी किती जणांनी रस्त्याच्या कडेने चाललेले ते ठेंगणे जनावर ओळखले असेल? ‘मिसफिट्स’मधले घोडेही असेच लहान चणीचे, म्हणून बाजाराला नको असलेले.

२०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. आनंदच आहे. पण नोंद झाली की भाव चढेल, हौशी गिऱ्हाइके येतील, आणि मग वेस्टर्नमधली जुनी शर्यत इथेही लागू शकते: चांगली घोडी कोणाच्या तबेल्यात? पिढ्यान्‌पिढ्या जात टिकवणाऱ्या धनगराचे नाव त्या शर्यतीत कुठे असेल, हे कोणी विचारताना दिसत नाही.

‘मिसफिट्स’च्या अखेरीस रात्री मालमोटारीत गे आणि रोझलिन दोघेच उरतात. घोडे केव्हाच दृष्टीआड झालेले असतात आणि दोघांचे त्यांच्यावाचून काहीच अडत नाही. धनगराच्या तळावर हे दृश्य चित्रित करता येणार नाही. तिथे सकाळी तट्टू सापडले नाही तर बिऱ्हाडच हलत नाही.