मुंबईच्या जावयाची खोली

मुलीच्या बापाला जावई दिसतो, त्याची खोली दिसत नाही. राजा ठाकुरांच्या १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटाचे मर्म या गफलतीत आहे. मुंबईचे स्थळ मिळाले म्हणजे मुलीचे सोने झाले, हा आपल्या नागपुराकडचाही जुना समज. महाल-इतवारीच्या वाड्यांतून, परसात विहीर असलेल्या घरांतून किती मुली या समजापायी चाळीतल्या खोल्यांत गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

चित्रपटातले नवे जोडपे अशाच भरल्या बिऱ्हाडात संसार मांडते. माणसे मायाळू आहेत, पण जागा अपुरी. दोन शब्द हळू बोलावेत तर कोपरा नाही. प्रेक्षक यावर खो खो हसतात, आणि हसता हसता त्यांना आपलेच घर आठवते.

गदिमांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत हे या चित्रपटाचे मोठे लेणे. पण वाचकहो, ती गीते चित्रपटात कोठे आहेत ते पाहावे. गीतात हुरहूर आहे, प्रियाची वाट पाहणे आहे. घरात त्यांतले काहीच मावत नाही. गीत स्वप्न सांगते, भोवतालचे घर वस्तुस्थिती. आज मैफलीत ही गीते चाळीवाचून गायिली जातात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती निम्मीच गोष्ट येते.

बासू चतर्जींनी १९७२ साली यावरूनच ‘पिया का घर’ काढला. जया भादुरींची मालती माहेरी निघण्याच्या बेतात असते. पण तिच्यासाठी घरातला प्रत्येक जण आपली जागा सोडायला निघालेला पाहून ती थांबते. प्रेम टिकते ते एकांतामुळे नव्हे, कोणी तरी आपल्यासाठी सरकून बसते म्हणून, असे येथे सुचवले आहे. हे मला पटते.

मात्र एक प्रश्न उरतो. शेवटी मन वळवावे लागते ते सुनेलाच. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मधील (१९३७) नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी लावलेले लग्न मान्य करीत नाही. तिची फसवणूक झाली होती. इथे केवळ अडचण आहे, हे खरे. तरीही अडचण सोसण्याचा पहिला मान सुनेकडेच का? नवऱ्याने काय सोडले, हे चित्रपटाने विचारले असते तर त्याचा गोडवा कमी झाला नसता, खोली वाढली असती.

आता आपल्याकडे पुण्याचा आणि अमेरिकेचा जावई शोधतात. खोल्या भरपूर आहेत, प्रत्येकाला दार आहे. स्थळ पाहायला जाल तेव्हा खोल्या जरूर मोजा. पण पाहुणे आल्यावर त्या घरात कोण उठून जागा देते, आणि दर वेळी तेच माणूस उठते काय, तेवढे पाहून या.