केलॉइड व्रणाची जनुकीय व अधिजनुकीय मीमांसा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
जखम भरून येताना त्वचेत कोलॅजेन तयार होते व कालांतराने त्याची निर्मिती मंदावते. ती न मंदावता व्रण मूळ जखमेची सीमा ओलांडून निरोगी त्वचेत पसरू लागला, तर त्यास केलॉइड असे म्हणतात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हे नाव दिले. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. या विकाराचे कारण सांगताना ‘सावळा वर्ण’ आणि ‘आनुवंशिकता’ हे दोन शब्द अनेकदा पुरेसे मानले जातात. ते खरोखर पुरेसे आहेत काय, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

वर्णाचा युक्तिवाद :
आफ्रिकी व आशियाई वंशाच्या लोकांत केलॉइड अधिक आढळतात, ही वस्तुस्थिती आहे. परंतु त्यावरून रंगद्रव्यालाच कारण ठरविणे सदोष होय. टांझानियात झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, त्वचेत रंगद्रव्याचा अभाव असलेल्या आफ्रिकी व्यक्तींमध्येही केलॉइडचे प्रमाण इतर आफ्रिकी व्यक्तींहून फारसे वेगळे आढळले नाही. म्हणजे वर्ण हे वंशाचे दृश्य चिन्ह आहे. विकाराचे कारण इतरत्र शोधावे लागते.

जनुकीय पुरावा :
२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ कुटुंबांतील ३४१ व्यक्तींची वंशावळ तपासली गेली. त्यांपैकी ९६ जणांना केलॉइड होते. मात्र ७ व्यक्ती अशा होत्या की, त्यांनी ही प्रवृत्ती पुढील पिढीस दिली, पण त्यांना स्वतःला केलॉइड झाला नाही. २००४ मध्ये एका जपानी कुटुंबात दुसऱ्या, तर एका आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबात सातव्या गुणसूत्राशी संबंध आढळला. २०१० च्या जपानी अभ्यासाने १, ३ व १५ या गुणसूत्रांवरील स्थाने निश्चित केली. त्यांपैकी १ व १५ वरील स्थानांना २०१३ मध्ये चिनी हान समूहातील अभ्यासाने दुजोरा दिला. ‘केलॉइडचे जनुक’ असे एकवचनी बोलणे या पुराव्याशी विसंगत ठरते. वारशाने प्रवृत्ती येते, प्रत्यक्ष व्रण येतोच असे नाही.

अधिजनुकीय पुरावा :
एकाच व्यक्तीच्या छातीवर वा कानाच्या पाळीवर केलॉइड होतो, पण पापणीवर सहसा होत नाही. सर्व पेशींतील जनुके सारखीच असताना हा भेद का? डीएनएचा क्रम न बदलता जनुकांचे कार्य कमी-अधिक करणाऱ्या अधिजनुकीय प्रक्रियांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. डीएनए मिथिलीकरण, हिस्टोन प्रथिनांतील बदल व सूक्ष्म आरएनए या त्या प्रक्रिया होत. केलॉइडमधील फायब्रोब्लास्ट पेशी शरीराबाहेर वाढविल्या, तरी त्यांचे वेगळेपण बऱ्याच अंशी टिकते. जखमेचे संदेश संपल्यावरही पेशी जणू ते विसरत नाहीत, असे यावरून सूचित होते.

तथापि येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. असे बदल प्रामुख्याने पूर्ण वाढलेल्या केलॉइडच्या ऊतीत मोजलेले असतात. ते विकाराचे कारण आहेत की दीर्घकालीन दाहाचा परिणाम, हे अशा नमुन्यावरून ठरविता येत नाही. शिवाय तुलनेची निरोगी त्वचा शरीराच्या वेगळ्या भागातील असल्यास स्थानभेदालाच रोगभेद समजण्याचा धोका संभवतो. त्वचेवरील ताण हाही एक घटक आहे. परंतु ताण कमी असलेल्या कानाच्या पाळीवर केलॉइड होतो, तेव्हा तोही एकटा पुरेसा नाही.

समारोप :
हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात कान टोचण्याची प्रथा सर्वत्र आहे व केलॉइडला तेवढी जखमही पुरते. केवळ शस्त्रक्रियेने तो काढल्यास पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते. अशा रुग्णास ‘तुमच्या घराण्यातच आहे’ एवढेच सांगितले, तर वैज्ञानिक संज्ञेचे दैववादात रूपांतर होते. उलट आनुवंशिकतेचा योग्य अर्थ लावल्यास टोचण्यापूर्वीच कुटुंबातील पूर्वेतिहास विचारता येतो व अनावश्यक जखम टाळता येते. वरील जनुकीय निष्कर्ष मुख्यतः जपानी, चिनी व आफ्रिकी-अमेरिकी समूहांतील आहेत. ते आपल्याकडील रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. त्याकरिता जखम झाल्यापासून व्रण पक्व होईपर्यंत त्याच व्यक्तीचा टप्प्याटप्प्याने अभ्यास होणे अगत्याचे आहे. कारण आणि परिणाम यांतील भेद अशाच अभ्यासातून स्पष्ट होऊ शकेल.