गृहसंगणकाची निवड आणि मराठी लेखन : एक निकषविचार

१

घरात कोणता संगणक घ्यावा, या प्रश्नाची मराठीतील चर्चा बहुधा किंमत, वेग आणि स्मृतिक्षमता या तीन अंगांनी होत आली आहे. संगणक हे एक उपकरण आहे, आणि उपकरणाची परीक्षा त्याच्या अंगच्या गुणांवरून करावी, असे गृहीत या चर्चेच्या मुळाशी असते. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे हे तपासणे, आणि मराठीत लेखन व संशोधन करणाऱ्याच्या दृष्टीने निवडीचा निकष कोणता असावा हे ठरविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या गृहीताचे मर्म समजण्यासाठी एका निराळ्या क्षेत्रातील निवड विचारात घेणे उपयुक्त ठरेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यास होता. तेथून बाहेर पडणारी फियाट, म्हणजेच पुढील काळातील पद्मिनी, आणि कलकत्त्याजवळील उत्तरपाड्याची अँबॅसडर, या दोहोंतून एक निवडणे हा मध्यमवर्गीय कुटुंबांतील कित्येक वर्षांच्या वादाचा विषय होता. एकीचा आटोपशीरपणा आणि दुसरीची ऐसपैस बैठक यांची तुलना या वादात होई व ती योग्यही होती. कारण दोन्ही गाड्यांना रस्ता एकच होता. फियाट विकून अँबॅसडर घेणाऱ्याला मुंबई-पुणे रस्ता नव्याने बांधावा लागत नसे. संगणकाच्या बाबतीत मात्र यंत्राबरोबर रस्ताही विकत घेतला जातो. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच पुढील चाळीस वर्षांतील अनेक निवडी महागात पडल्या.

२

भारतात शालेय संगणकशिक्षणाची ‘क्लास’ योजना १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठी इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडण्यात आला. त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने बाजारात आणली. तिसरीकडे आयबीएमच्या १९८१ च्या पीसीबरहुकूम बनविलेली यंत्रे देशी कंपन्या तयार करू लागल्या होत्या. शाळेत शिकलेल्या मुलासाठी घरी यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या पालकापुढे असे तीन मार्ग उभे राहिले.

या मार्गांत परस्पर दळणवळण जवळजवळ नव्हते. बीबीसी मायक्रो व स्पेक्ट्रम या दोहोंची भाषा बेसिक असली, तरी एकीकडील आज्ञावली दुसरीकडे जशीच्या तशी चालत नसे. दोन्ही यंत्रे साध्या कॅसेटवर मजकूर साठवीत. कॅसेट बाहेरून सारखीच दिसे, पण एकाची ध्वनिमुद्रित खूण दुसऱ्यास उमगत नसे. शाळेत केलेले काम घरच्या यंत्रावर पुढे नेता येत नसेल, तर घरच्या यंत्राच्या वेगाला फारसा अर्थ उरत नाही.

मराठीची अडचण याहून मूलगामी होती. ही यंत्रे रोमन अक्षरे गृहीत धरून घडविलेली होती. स्पेक्ट्रमवर स्वतःची चिन्हे आखण्याची सोय होती. परंतु ४८ किलोबाइटच्या यंत्रावरही अशी चिन्हे एका वेळी २१ च आखता येत, आणि प्रत्येक चिन्हाला आठ गुणिले आठ बिंदूंची चौकट मिळे. शिरोरेघेच्या वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर अशा तीन मजल्यांच्या लिपीला ती चौकट अपुरी होती. मराठीपुरते बोलायचे तर या दोन यंत्रांतील स्पर्धा दोन मूक यंत्रांमधील स्पर्धा होती.

अखेर पीसी विजयी झाला. त्याची कारणे यंत्राच्या गुणवत्तेहून त्याच्या प्रसारात शोधावी लागतात. त्याचे सुटे भाग अनेक उत्पादकांकडून मिळत, दुरुस्ती करणारा जवळ भेटे, आणि शेजाऱ्याकडील तबकडी आपल्या यंत्रावर चाले. ‘सर्वांनी घेतले म्हणून घेतले’ असे म्हणून या निवडीची उपेक्षा करणे उचित नाही. ज्या वस्तूचा उपयोग देवाणघेवाणीवर अवलंबून असतो, तिच्याबाबत इतरांनी काय घेतले याचा विचार करणे हा विवेकच होय.

३

पीसीवर देवनागरी आणण्याचे कार्य कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने ते पुढे नेले. त्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मान्य केलेल्या इस्की संकेतात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांना समान स्थान दिलेले होते. म्हणजे साठविला जाई तो वर्ण. त्याचा दृश्य आकार ही नंतरची गोष्ट होती.

पुढे विंडोज आणि पृष्ठरचनेच्या आज्ञावली प्रचारात आल्या, तेव्हा हे तत्त्व मागे पडले. श्री-लिपी, आयएसएम, आकृती यांसारख्या संचांच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले, आणि प्रत्येकाची मांडणी स्वतंत्र होती. या फॉन्टांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे नाकारता येत नाही. टंकलेखन यंत्रावर तयार झालेल्या हातांना त्यांनी ओळखीचा कळफलक दिला. डाव्या हाताखाली स्वर व उजव्या हाताखाली व्यंजने देणाऱ्या इनस्क्रिप्टची रचना अधिक तर्कशुद्ध असूनही शासकीय टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला ती नव्याने शिकावी लागे. परंतु या सोयीचे मूल्य लेखकाने चुकते केले. संगणकाच्या लेखी त्या फाइलीत मराठी नव्हतीच; रोमन चिन्हांची एक अर्थहीन माळ तेवढी होती.

कुर्ला स्थानकाकडून कालिन्याच्या विद्यानगरीकडे येणाऱ्या संशोधकाला या प्रश्नाचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले. जुन्या फॉन्टात टंकित झालेला प्रबंध पीडीएफ रूपात डोळ्यांना उत्तम दिसतो. पण त्यात ‘ओवी’ हा शब्द शोधू गेल्यास यंत्र रिक्त हस्ताने परतते. मूळ फाइल फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात. रूपांतराची साधने आहेत, परंतु तेही काम सरळ नाही. ऱ्हस्व वेलांटी त्या फॉन्टात व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर साठविलेला असतो. तो क्रम पालटावा लागतो. शिवाय तळटीपांतील खरा इंग्रजी मजकूर आणि रोमन संकेतांत दडलेली मराठी यांचा भेद फॉन्टाच्या नावावाचून कळत नाही. पाच वर्षांच्या अभ्यासाचे फळ अशा रीतीने वाचनीय राहूनही अभ्यासकांच्या शोधाबाहेर पडते.

४

१९९१ मध्ये अवतरलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ स्थानांचा जो पट्टा राखला, त्याचा आधार इस्कीच होता. विंडोज २००० पासून देवनागरीचा अंतर्भाव विंडोजमध्ये झाला. मॅक, लिनक्स आणि पुढे मोबाइल यांनीही तोच संकेत स्वीकारला. तरी पृष्ठरचनेच्या क्षेत्रात संक्रमण लांबले, कारण इनडिझाइनसारख्या प्रमुख आज्ञावलीत भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी २०१२ च्या आवृत्तीपर्यंत नीट उपलब्ध नव्हती. ज्या मुद्रकाने या काळात जुना फॉन्ट सोडला नाही, त्याला केवळ रूढिप्रिय ठरविणे अन्यायाचे होईल.

युनिकोडने सर्व प्रश्न मिटले, हा समजही तितकाच एकांगी आहे. मराठीतील ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अर्थांतर आहे. ते दाखविणारा आडवा रकार युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. दिसण्यात त्या एकरूप असल्या, तरी एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व ‘ल’, ‘श’ यांची रूपे निश्चित केली. पण पडद्यावर कोणते रूप उमटेल हे आजही निवडलेल्या फॉन्टावर अवलंबून असते.

५

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम असा लावता येईल. प्रथम पाहावयाचे ते हे, की यंत्र मराठी वर्ण म्हणून साठविते की आकार म्हणून. त्यानंतर, तेथे लिहिलेले दुसऱ्या उत्पादकाच्या यंत्रावर अविकृत उघडते की नाही. तिसरे, दुरुस्ती, कळफलक आणि सहकारी यांचा आधार निकट आहे की नाही. किंमत आणि वेग यांचा विचार या तिहींनंतर यावा.

संकेताच्या बाबतीत आजच्या यंत्रांचा रस्ता एक झाला आहे, आणि म्हणून विंडोज की मॅक हा वाद पुष्कळसा फियाट-अँबॅसडरच्या पातळीवर आला आहे. परंतु ज्या टिपणांची साठवण एखाद्या बंदिस्त सेवेतच होते आणि जी तेथून साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येत नाहीत, त्यांच्या बाबतीत जुन्या कॅसेटचाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो. प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहावयास घेण्यापूर्वी एक परिच्छेद एका यंत्रावर लिहून, तो दुसऱ्या उत्पादकाच्या यंत्रावर उघडून, त्यात आडव्या रकाराचा एखादा शब्द शोधून पाहावा. या परीक्षेस दहा मिनिटेही लागत नाहीत. आणि कोणत्याही विक्रेत्याच्या गुणपत्रकाहून तिचा निर्णय अधिक विश्वसनीय असतो.