कोट कुणी काढून घेतला?

‘साँग ऑफ द सी’ (२०१४) हा आयरिश ॲनिमेशनपट भाचीला मराठीत सांगताना मी पहिल्याच शब्दाला अडले. सेल्कीला काय म्हणायचं? ‘जलपरी’ नको, तिला माशाचं शेपूट असतं. आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या लोककथांतली सेल्की म्हणजे सील. कातडं उतरवलं की ती बाई होते. ते कातडं एखाद्या पुरुषानं लपवलं, तर ती त्याच्या संसारात अडकून पडते. आपल्या साती आसराही पाण्यातल्याच. पण त्या माणसाला ओढून नेतील अशी भीती असते. इथे माणूसच तिला ओढून आणतो. शेवटी ‘सेल्की’च ठेवलं.

दिग्दर्शक टॉम मूर यांनी ही जुनी गोष्ट मुलांच्या हाती दिली आहे. दीपगृहावर राहणारा बेन आणि त्याची सहा वर्षांची, न बोलणारी बहीण सिर्शा. तिच्या जन्माच्या रात्री आई समुद्रात गेली आणि बेननं तो हिशेब बहिणीच्या नावावर मांडला. आजी दोघांना डब्लिनला नेते, मुलं तिथून घराकडे पळतात. त्या वाटेवर बेन तिचा नुसता भाऊ न राहता मित्र होतो.

पण चित्रपटाचा खरा गाभा घुबडीण माखा. मुलगा मॅक लिर याचा शोक तिला बघवेना, म्हणून तिनं तो काढून घेतला. मुलगा दगड झाला. तेव्हापासून ती भावना बरण्यांत भरून ठेवते. माखाला आणि आजीला एकच आवाज आहे, फिओनुला फ्लॅनगन यांचा. मॅक लिर आणि मुलांचा बाप कॉनर, दोघांना ब्रेंडन ग्लीसन यांचा. इथे खलनायिका नाहीच. आहे ती दुसऱ्याचं रडणं न सोसणारी माया.

म्हणूनच शेवट मला खटकतो. सिर्शाच्या गाण्यानं दगड झालेले सगळे मोकळे होतात, समुद्रापलीकडे निघतात. तिनं मागे राहावं म्हणून आई तिचा कोट काढून घेते, आणि सिर्शा कायमची माणूस होते. बरण्या फोडल्यावर हे आणखी एक काढून घेणं, तेही मायेनंच. चित्रपट मात्र त्यावर क्षणभरही थांबत नाही. मुलीचं नाव आयरिशमध्ये ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचं आहे, हे विशेष.

भाचीनं विचारलं, “मग ती आता सील होऊच शकणार नाही?”

“नाही.”

“आणि हे तिला चालतं?”

मी तो प्रसंग पुन्हा लावला.