नवी पिढी : कशाच्या तुलनेत?

स्किझोफ्रेनियावरील औषधांची ‘पहिली’ आणि ‘दुसरी पिढी’ अशी विभागणी पुस्तकांत सर्रास आढळते. पिढी म्हटले की धाकटी ती अधिक सुधारलेली, असे आपण नकळत धरून चालतो. आमचा आक्षेप त्यालाच आहे.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या आजारासाठी वापरात आले. ते आणि नंतरचे हॅलोपेरिडॉल मेंदूच्या पेशींवरील डी-२ ग्राही अडवतात. तिथे डोपामिनला चिकटता येत नाही. भास, संशय ओसरतात. पण शरीराच्या हालचालींसाठीही डोपामिन लागतेच, त्यामुळे हात थरथरतात, अंग ताठरते. रिस्पेरिडोन, ओलांझापिन ही नवी औषधे सेरोटोनिनचे काही ग्राहीही अडवतात आणि हा त्रास कमी देतात. इथपर्यंत ठीक.

मग ती अधिक गुणकारीही आहेत का? अनेक चाचण्यांत त्यांची तुलना हॅलोपेरिडॉलच्या मोठ्या मात्रेशी केलेली होती. एका कुंडीत नवे खत योग्य प्रमाणात आणि दुसरीत जुने तिप्पट घातले, तर विद्यार्थीसुद्धा हरकत घेईल! २००० साली गेडिस व सहकाऱ्यांनी अशा चाचण्या एकत्र तपासल्या. जिथे हॅलोपेरिडॉल दिवसाला १२ मिलिग्रॅमपर्यंतच होते, तिथे नव्या औषधांची गुणाबाबतची आघाडी उरली नाही. हालचालींचा त्रास मात्र त्यांनी कमीच होता.

अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या, सुमारे १,५०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के रुग्णांचे पहिले औषध सुटले. ओलांझापिनमध्ये हे प्रमाण ६४ टक्के, तर जुन्या परफेनाझिनमध्ये ७५. बाकीची तीन नवी औषधे ७४ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान. ओलांझापिन पुढे खरे, पण वजन सर्वांत जास्त त्यानेच वाढवले. (हे वाचून कोणी चालू गोळ्या बंद करू नयेत, औषध बदलायचे ते डॉक्टरांनीच.)

गंमत म्हणजे ‘नव्यां’त मोडणारे क्लोझापिन १९५८ मध्येच तयार झाले होते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवरील १९८८ च्या चाचणीत त्याने सहा आठवड्यांत ३० टक्के रुग्ण सुधारले. क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के. पांढऱ्या रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून रक्त तपासत राहावे लागते.

२०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम डी-२ ला हातच लावत नाही. झॅनोमेलिन मेंदूतील मस्करिनिक ग्राहींना चालना देते. ‘नवी पिढी’ हा शब्द इथे शोभतो. मात्र मान्यतेसाठीच्या चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या, आणि तुलना होती औषध नसलेल्या गोळीशी.