ड्रमसेट, हलगी आणि खाली

उपासनासंगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात गीतांच्या शब्दांचा विचार असतो, चालींचा असतो, क्वचित पेटीवादकाचाही असतो. ताल धरणाऱ्याचा मात्र नसतो. तो बहुधा खांबाआड बसलेला असतो आणि वाद्य फार मोठ्याने वाजले म्हणजेच त्याची आठवण होते. आता धर्मग्रामांतील तरुणांना नेमकी हीच जागा हवीशी झाली आहे. गिटार व की-बोर्डच्या जोडीला ड्रमसेट आला. तो परवडत नाही तेथे ऑक्टोपॅड आला. आणि त्यांच्या पाठोपाठ ‘हे वाद्य ख्रिस्तयागात शोभते काय?’ हा जुना प्रश्नही आला. वाद्याच्या शोभेपेक्षा वादकाच्या घडणीचा प्रश्न आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे आणि तोही मराठवाड्याच्या मातीवर उभे राहून.

प्रथम ख्रिस्तसभेने काय म्हटले आहे ते पाहू. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, जो आदेश काढला त्यात पियानो निषिद्ध ठरला आणि ढोल, झांजा यांसारखी गोंगाटी वाद्येही. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखला. परंतु इतर वाद्यांनाही दार उघडले. ती पवित्र उपयोगास योग्य असावीत किंवा तशी करता यावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेस साजेशी असावीत आणि भाविकांची श्रद्धा वाढवणारी असावीत, एवढ्या अटी घातल्या. १९६७ च्या पवित्र संगीतविषयक सूचनेने लोकांची संस्कृती लक्षात घ्या असे सांगितले. पण सर्वसाधारण मताने जी केवळ ऐहिक संगीताचीच ठरली आहेत ती वाद्ये वर्ज्य मानली. गमतीची गोष्ट अशी की परिषद भरण्याच्या चार वर्षे आधी, १९५८ साली, काँगोतील कामिना येथे फ्रान्सिस्कन धर्मगुरू गिडो हाझेन यांच्या ‘मिस्सा लुबा’मध्ये लॅटिन मिस्साचे शब्द आफ्रिकी ढोलांवर गायले गेले होते. संविधान यायच्या आधीच वादक येऊन बसला होता!

या सर्व दस्तऐवजांतील कळीचा शब्द ‘सर्वसाधारण मत’ हा होय. हे मत कोणाचे समजायचे?

परभणी जिल्ह्यातील चुडावा हे पूर्णा तालुक्यातील गाव, पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाताना लागणारे रेल्वेस्थानक. या पट्ट्यात तालवाद्यांना तोटा नाही. भजनात पखवाज आहे, गोंधळात संबळ आहे, लग्नाच्या वरातीत बँजो पार्टी आहे. आणि हलगी आहे. लाकडी वा लोखंडी कड्यावर ताणलेले कातडे, वाजवण्याआधी आगीवर शेकून घेतलेले, दोन वेगवेगळ्या जाडीच्या काड्यांनी वाजणारे. तिचा कडकडाट ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. पण गावाने ती कोणाच्या गळ्यात अडकवली हेही कोणी विसरलेले नाही. मिरवणुकीपुढे, प्रेतयात्रेपुढे, दवंडीपुढे हलगी वाजवणे हे मातंग समाजाकडे गावकीचे काम म्हणून आले. वाजवणारा मिरवणुकीच्या पुढे असे आणि पंगतीत शेवटी, तोही दूर. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने अशी गावकीची कामे टाकून देण्यास सांगितले ते याच जाणिवेतून.

आपल्या उपासनेतील सांस्कृतिकीकरणाचे पुरस्कर्ते येथे पुढे येतात. त्यांचे म्हणणे असे, की परदेशी ड्रमसेट कशाला? आपली हलगी घ्या, मातीचा सूर वेदीपाशी येऊ द्या. या विचारामागे गंभीर ईशज्ञान आहे. सत्यनाथन क्लार्क यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दलित व ख्रिस्ती धर्मविषयक इंग्रजी ग्रंथात तामिळनाडूतील परैयार समाजाच्या ‘परै’ या ढोलातून थेट ख्रिस्ताच्या स्वरूपाचा अर्थ लावला आहे. ज्याला अस्पृश्य ठरवले त्याच्या हातातील वाद्य हेच देवाशी बोलण्याचे माध्यम झाले, हा विचार वाचताना मन हलते.

तथापि चुडाव्याकडील एक तरुण आम्हास जे म्हणाला तेही या ग्रंथाशेजारी ठेवले पाहिजे. “फादर, माझ्या आजोबांना हलगी कोणी शिकवली नाही, ती त्यांच्यावर लादली होती. ड्रम मी शिकणार, कारण तो मला कोणी लावून दिलेला नाही.” ड्रमसेटला जात नाही. तो नांदेडच्या दुकानातून येतो, हप्त्याने येतो, आणि त्याच्यामागे बसणाऱ्यास कोणी “तू कोणाचा?” असे विचारीत नाही. सांस्कृतिकीकरणाच्या नावाखाली या मुलाच्या हाती पुन्हा हलगीच देणे म्हणजे गावकीचे काम वेदीपर्यंत नेणे होय. तो आपण होऊन ती उचलील तर तो दिवस मोठा. इतरांनी, विशेषतः ज्यांच्या घरात ती कधी वाजली नाही त्यांनी, ती सुचवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून ड्रमसेटला आमचा विरोध नाही. तक्रार आहे ती वाजवण्याच्या रीतीविषयी. आपल्याकडील बहुतेक ड्रमवादक वरातीच्या वाद्यवृंदात किंवा भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून शिकतात आणि तेथील ठोका जसाच्या तसा ख्रिस्तयागात आणतात. चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर कडाडणारा ठोका इंग्रजी गीताला मानवतो, कारण ती भाषा आघाताची आहे. मराठी ही लघु-गुरूंची भाषा. प्रार्थनेतले आपले जिव्हाळ्याचे शब्दच पाहा: दया, कृपा, क्षमा, प्रभू, पिता. पहिले अक्षर लघु, दुसरे गुरू. परभाषेतील चालीवर बसवलेल्या मराठी गीतात ठोका पहिल्या अक्षरावर पडला की गायक ते ओढतो. ‘पिता’चा ‘पीता’ झालेला आम्ही स्वतः ऐकला आहे. अर्थाचे काय झाले ते सांगावयास नको. दोष चालीचा खरा, पण शब्द ज्याला पाठ आहेत असा वादक तेथे हात आवरता घेऊ शकतो.

आणि हात आवरणे हीच तर आपल्या तालशास्त्राची देणगी. केरव्यात पाचव्या मात्रेवर ‘खाली’ असते. तबलजी तेथे डग्ग्याची घुमार काढून घेतो, ठेका चालू राहतो आणि तरी जागा मोकळी होते. प्रचलित ड्रमच्या ठोक्यात अशी राखून ठेवलेली मोकळी जागा नाही; चांगला वादक ती निर्माण करतो, नवशिका ती झांजेने भरून काढतो. पत्र्याच्या छपराखाली झांज किती वेळ घुमते हे ज्याने मागच्या बाकावर बसून ऐकले आहे त्याला अधिक सांगणे नको. काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरले तरी निम्मे काम होते, आणि त्यांना नव्या झांजेइतका पैसाही पडत नाही.

ख्रिस्तसभेच्या उपासनाविधीतही खाली आहे. याजक अध्यक्षीय प्रार्थना म्हणत असता सर्व वाद्ये बंद असावीत असे मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेत सांगितले आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी की-बोर्डवर मंद सूर आणि त्याखाली झांजेची सळसळ चालू असते. भाव जागा होतो असे म्हणतात. आम्हास तो चित्रपटाचा पार्श्वसंगीतभाव वाटतो. प्रायश्चित्तकाळात, काही सणांचा व चौथ्या रविवारचा अपवाद वगळता, वाद्ये केवळ गायनाच्या आधारापुरती असावीत असाही दंडक आहे. ड्रमवादकाच्या शिक्षणात ठोक्यांच्या आधी हे वर्षचक्र यावे. त्याच्यापुढे तालाच्या वहीसोबत त्या रविवारची वाचने ठेवावीत आणि सरावाच्या पहिल्या महिन्यात त्याला गायकवृंदात उभे करून नुसते गायला लावावे.

असा तयार झालेला वादक पुनरुत्थानाच्या जागरणविधीला बसलेला आम्ही पाहिला आहे. सबंध प्रायश्चित्तकाळ त्याने झांज झाकून ठेवली होती. वाचने संपली, दिवे लागले, घंटा झाल्या, गौरवगीताची पहिली ओळ लोकांनी वाद्याशिवाय उचलली. ती पुरी होईपर्यंत तो थांबला आणि मगच त्याने पायाचा पहिला ठोका दिला.